सोलापुरात मिळणारी लग्नाची तयार ‘इमर्जन्सी बॅग’: काय ठेवावे, काय काढावे

नवी पेठेच्या परिसरातील लग्नसाहित्याच्या एका दुकानात सध्या ‘वेडिंग इमर्जन्सी किट’ या नावाने एक तयार बॅग विकली जाते. ऐनवेळी सुटलेला हूक, तुटलेली चप्पल, चढलेले पित्त, संपलेली मोबाईलची बॅटरी अशा सगळ्या अडचणींवरचा उपाय एकाच ठिकाणी हाताशी असावा, ही तिच्यामागची कल्पना आहे. किंमत अठराशे पन्नास रुपये. भाचीच्या लग्नासाठी आम्ही ती घेतली. लग्न वैशाखातले, अक्षता दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांची, कार्यालय विजापूर रोडच्या बाजूचे, सभागृहात पंखे भरपूर पण वातानुकूलन नाही, आणि पाहुण्यांत साठीच्या पुढची मंडळी निम्म्याहून अधिक. त्यामुळे या बॅगेची जितकी कठोर परीक्षा होणे शक्य होते तितकी झाली. निष्कर्ष आधीच सांगते. बॅग उत्तम शिवलेली आहे, शिवणाचे आणि केसांचे सामान विचारपूर्वक भरलेले आहे, पण उरलेला ऐवज कुठल्या तरी थंड हवेतल्या, वातानुकूलित हॉटेलातल्या लग्नाची यादी समोर ठेवून भरल्यासारखा वाटतो. सोलापूरच्या उन्हाचा, नऊवारीचा, कन्यादान होईपर्यंत उपाशी असणाऱ्या वधूच्या आईवडिलांचा आणि गुरुजींच्या ऐनवेळच्या मागण्यांचा विचार तिच्यात फारसा दिसत नाही.

आधी चांगल्या गोष्टी. बॅग जाड कॅनव्हासची असून पूर्ण उघडली की लांब पट्टीसारखी खाली सुटते आणि वरच्या कडीने ती दाराच्या खिळ्याला किंवा खिडकीच्या गजाला अडकवता येते. कप्पे पारदर्शक आहेत. ही गोष्ट वाचताना किरकोळ वाटेल, पण वधूच्या खोलीत जिथे एका पलंगावर चार जणींच्या साड्या, तीन मेकअपच्या पेट्या आणि आहेराच्या पिशव्या एकत्र पडलेल्या असतात, तिथे भिंतीवर लटकणारी आणि उघडून न पाहताही आतले दाखवणारी बॅग किती वेळ वाचवते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटते. प्रत्येक कप्प्यावर क्रमांक आहे आणि आतल्या वस्तूंचे मराठी यादीपत्रक बॅगेच्या झाकणाला शिवलेले आहे. ते नुसते आत टाकलेले असते तर पहिल्या तासातच हरवले असते.

शिवणाचा कप्पा हा या बॅगेतला सर्वांत विचारी भाग आहे. आठ सुया आधीच वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून, गाठ मारून ठेवलेल्या आहेत. मुहूर्ताला दहा मिनिटे उरलेली असताना सुईत दोरा ओवणे किती अवघड असते, हे चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला विचारा. हिरवा, लाल, मोतिया आणि सोनेरी हे चार रंग आहेत, म्हणजे शालू आणि अष्टपुत्रीचा विचार झालेला आहे. मात्र आपल्या ब्लाउजशी आणि फॉलशी मिळताजुळता दोरा आणखी एक हवाच, आणि तो चाटी गल्लीत साडी घेतानाच घेऊन ठेवणे सोपे पडते. सेफ्टी पिना तीन मापांच्या आहेत. पदरासाठी बारीक, निऱ्यांसाठी मध्यम आणि मोठ्या दोन इंचांच्या चार. सहावारीला एवढे पुरते. नऊवारीला पुरत नाही, कारण काष्ट्याची घडी जाड असते, मध्यम पिन तिच्यातून पार होत नाही आणि मोठ्या चार पिना एका बाईला लागतात. आमच्याकडे नऊवारी नेसलेल्या पाच जणी होत्या. हल्लीच्या शिवलेल्या नऊवारीत निराळी अडचण असते. तिथे पिना लागत नाहीत, पण कमरेचा हूक किंवा चेन गेली तर सगळाच डोलारा सैल होतो, म्हणून जाड हूक आणि काजाच्या आकड्यांची एक पट्टी जवळ असलीच पाहिजे. या बॅगेत हूक होते, पण ब्लाउजचे, नाजूक.

पिनेबाबत एक गोष्ट दुकानदाराने यादीपत्रकावर छापायला हवी होती. रेशमी पदराला थेट पिन टोचून त्यावर जड पदराचा भार टाकला की दिवसभराच्या हालचालीने तिथे भोक पडते आणि जरीचा धागा ओढला जातो. पिनेत आधी एक बारीक मणी ओवावा, मग ती कापडात टोचावी. मणी पिनेच्या गोल टोकाशी बसतो आणि कापड त्या वळणात अडकत नाही. आमच्याकडे करवलीने तुटलेल्या माळेतले मणी वापरून हे काम केले. बॅगेत दहा मणी ठेवायला दुकानाला काही फार खर्च आला नसता.

नवरदेवाकडच्या सामानाबाबत मात्र बॅग जवळजवळ मुकी आहे. पायजम्याची नाडी आत शिरणे ही लग्नातली सर्वांत जुनी आणि सर्वांत निश्चित आपत्ती आहे. तरीही नाडी ओवायची लांब पिन आत नाही, जादा नाडी नाही, शेरवानीचे सुटे बटण नाही, फेटा सैल झाला तर लावायला टाचण्या नाहीत. बॅगेवर ‘वधू-वर दोघांसाठी’ असे छापले आहे. त्यातल्या वराच्या वाट्याला एक कंगवा आणि रुमाल आला आहे.

आता डागांकडे येते. डाग काढण्याचे एक पेन बॅगेत आहे आणि दुकानदार ते मोठ्या अभिमानाने दाखवतो. त्याच्या आवरणावर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिले आहे की ते ब्लीचयुक्त आहे व रेशीम आणि लोकर यांवर वापरू नये. लग्नाच्या दिवशी ज्या कपड्यांची खरी काळजी असते ते शालू, पैठणी आणि रेशमी उपरणे, म्हणजे पेन नेमके जिथे लागणार तिथेच वापरायचे नाही. हळदीचा डाग तर आणखी अवघड. घाबरलेली माणसे पहिल्यांदा साबण लावतात आणि पिवळा डाग लालभडक झालेला पाहून आणखी घाबरतात. हळदीतला कर्क्युमिन हा रंगद्रव्याचा घटक क्षाराच्या संपर्कात लाल होतो. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, त्यामागचे कारण हेच आहे, आणि कपडे धुण्याचा साबणही क्षारयुक्तच असतो. हाच घटक उजेडात टिकत नाही, म्हणून सुती कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की पुसट होत जातो. रेशमावर हा प्रयोग लग्नाच्या दिवशी करू नये. कोरडी हळद असेल तर झटकावी, ओली असेल तर मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावी, डागाची जागा निऱ्यांत किंवा पदराच्या घडीत दडवावी आणि दुसऱ्या दिवशी साडी ड्रायक्लीनिंगला द्यावी.

तेलाच्या डागावर मात्र हाताशी उपाय असतो. पंगतीत पदरावर भाजीचा रस सांडला, तर आधी टिपून घेऊन त्यावर साधी टाल्कम पावडर दाट पसरावी, अर्धा तास तशीच ठेवावी आणि मग मऊ ब्रशने झटकावी. पावडर बरेचसे तेल शोषून घेते. बॅगेत पावडर नाही. अत्तराची कुपी आहे, आणि तिच्याबरोबर ते थेट जरीवर मारू नये अशी सूचना नाही. जरीचा रंग काळवंडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप औषधांच्या कप्प्यावर आहे. तिथे एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत सात-आठ गोळ्या कात्रीने कापलेल्या पट्ट्यांच्या तुकड्यांत ठेवलेल्या आहेत. पट्टी अशी कापली की औषधाचे पूर्ण नाव एका तुकड्यावर जाते आणि मुदत संपण्याची तारीख दुसऱ्यावर. आमच्या बॅगेतल्या दोन तुकड्यांवर तारीखच नव्हती. यादीपत्रकावर ‘डोकेदुखी’, ‘सर्दी’, ‘पित्त’, ‘अंगदुखी’ एवढेच शब्द आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली औषधविक्रीला परवाना लागतो, हे दुकानदाराला विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर असे होते की, “ताई, गोळ्या आम्ही विकत नाही, बॅगेबरोबर भेट देतो.” भेट म्हणून दिल्याने गोळीची मुदत वाढत नाही.

लग्नाच्या गर्दीत ज्याला जे दुखते त्याला कुणीतरी एक गोळी देते, तो पाण्याबरोबर ती घेतो आणि तासाभराने दुसऱ्या कुणाकडून आणखी एक घेतो. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर लागते आणि प्रौढ माणसाने दिवसभरात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडायची नसते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की पोटात आग पडते, आणि लग्नाच्या दिवशी मुहूर्तापर्यंत उपाशी असणारी माणसे घरोघरी असतात. शिंका थांबवायची सेट्रिझिनसारखी गोळी काहींना चांगलीच गुंगी आणते, तेव्हा ती नवरीला देण्याआधी दोनदा विचार करावा. आम्ही ती पिशवी काढून टाकली आणि घराजवळच्या औषधाच्या दुकानातून पूर्ण पट्ट्या, बिलासह, घेतल्या. प्रत्येक पट्टीवर चिकटपट्टी लावून ‘कशासाठी’ आणि ‘किती वेळाने’ हे मराठीत लिहिले. ज्यांना रोजची औषधे आहेत त्यांची औषधे त्यांच्याच नावाच्या पाकिटात ठेवली. कुणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे आदल्या रात्री विचारून घेतले, कारण दुपारी ढोल वाजत असताना हा प्रश्न कुणाला ऐकू येत नाही.

आता उन्हाबद्दल. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे कुणाला नवल वाटत नाही. अशा हवेत रेशीम, दागिने आणि फेटा घालून होमासमोर बसायचे असते. या बॅगेत तहानेसाठी फळाच्या चवीचे एक तयार ‘इलेक्ट्रोलाइट’ पेय आहे. आवरणावरची आकडेवारी पाहिली तर ते लिटरमागे शंभर ग्रॅमपेक्षा अधिक साखरेचे सरबत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसमध्ये, म्हणजे जलसंजीवनीच्या द्रावणात, लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असते. पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरून होणारी दिशाभूल इतकी वाढली होती की भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावांत तो शब्द वापरण्यास मनाई केली. औषधाच्या दुकानात मिळणारी खरी पाकिटे दोन आकारांत येतात, एक लिटर पाण्यासाठीची आणि एका पेल्यासाठीची, म्हणजे २०० मिलीलिटरची. लग्नासाठी छोटी पाकिटे बरी, कारण एक लिटर द्रावण करून कुणीतरी ते धरून बसणे तिथे जमत नाही. मोठे पाकीट अंदाजाने थोडे-थोडे पेल्यात घालू नये, त्याने क्षारांचे प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण चालते. शहरात पाणी रोज येत नाही आणि कार्यालयातले पाणी टँकरचे असते, हे इथल्या कुणाला सांगायला नको; तेव्हा हे द्रावण करण्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात.

तहान लागणे आणि उष्माघात यांत फरक आहे, आणि तोही एका कार्डावर लिहून बॅगेत असावा. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसली तर सरबत पाजत बसू नये. फेटा, शेला, दागिने सैल करावेत, सावलीत आडवे करावे, अंगावर पाणी मारून पंख्याखाली ठेवावे, मानेला, काखेत आणि जांघेत ओले गार कापड ठेवावे, आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. या कामाला बॅगेतल्या सुवासिक ओल्या टिश्यूंपेक्षा सोलापुरी टॉवेल शंभर पटींनी उपयोगी, आणि आहेरात त्यांची थप्पी लागलेलीच असते.

वयस्कर मंडळींच्या दृष्टीने बॅगेत आणखी एक विचित्र गोष्ट आहे. गोड म्हणून चॉकलेट आहे आणि चघळायला शुगर-फ्री गोळ्या आहेत. वैशाखात चॉकलेटचे काय होते ते सांगण्याची गरज नाही. कप्पा धुवावा लागला. पण मुद्दा तो नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घेऊन बसलेल्या आजोबांचे जेवण दोन वाजेपर्यंत लांबते, कारण मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि त्यानंतर पहिल्या पंगतीत बसण्याचा आग्रह कुणाला करायचा यावरच वीस मिनिटे जातात. घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्यांना तत्काळ पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. चॉकलेटातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते, आणि शुगर-फ्री गोळीत तर ती नसतेच. साखरेची छोटी डबी किंवा ग्लुकोजची पुडी हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीचे सामान आहे, आणि ते आम्हाला बाहेरून घालावे लागले. त्यानंतरच्या खाण्यासाठी राजगिऱ्याचे लाडू ठेवावेत. ते वितळत नाहीत, हाताला चिकटत नाहीत आणि उपासालाही चालतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा इथला हक्काचा टिकाऊ खाऊ वराकडच्या गाडीत जरूर असावा, पण वधूच्या खोलीत चटणीची पुडी उघडू देऊ नये. तेल आणि तिखट रेशमावर पडले की वर सांगितलेली पावडरही पुरी पडत नाही.

सर्वांत आश्चर्याची उणीव विधींच्या सामानाची. ज्या शहरात दरवर्षी जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो आणि हजारो भाविक अक्षता टाकतात, त्या शहरातल्या दुकानाने लग्नाच्या बॅगेत मूठभर अक्षताही ठेवू नयेत याचे मला नवल वाटले. पूजेचे सामान गुरुजींच्या यादीप्रमाणे मधल्या मारुतीजवळून आणलेले असतेच, असे दुकानदाराचे म्हणणे. ते खरे आहे; पण आणलेले सामान ऐनवेळी सापडत नाही हीच तर आपत्ती असते. म्हणून एका वेगळ्या पाकिटात काडेपेटी, कापूर, दोन सुपाऱ्या, हळकुंड, जानवे, सुताची गुंडी, मुंडावळ्यांची एक जादा जोडी, जोडवी आणि काळ्या मण्यांची एक साधी पोत ठेवली. गुरुजींनी सुटे पैसे मागितले की सगळे जण पाचशेच्या नोटा काढतात, म्हणून एक-दोन रुपयांची नाणी आणि दहाच्या नोटाही त्यात टाकल्या. हिरव्या चुड्यातली एखादी बांगडी वाढली तर मोठ्या मंडळींच्या मनाला लागते, तेव्हा त्याच मापाच्या चार बांगड्या हव्यात. माप आधी विचारून घ्यावे. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच आणि दोन-सहा म्हणजे दोन इंच व तीन अष्टमांश, आणि एवढासा फरकही मेंदी लागलेल्या हातावरून चुडा चढवताना पुरेसा त्रास देतो. दाबाची नथ घामाने घसरते. तिचा दाब आवळून घेण्याचे काम आदल्या दिवशी सोनाराकडूनच करून घ्यावे, बॅगेतल्या गोंदाने करू नये.

सोलापुरातली लग्ने एकाच रिवाजाची नसतात, हेही बॅग भरणाऱ्याच्या ध्यानात यायला हवे होते. तेलुगू भाषक कुटुंबांच्या लग्नात जिरे आणि गूळ यांचे वाटण वधूवर एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. उन्हाळ्यात तो गूळ पाघळून कपाळावर आणि डोळ्यांकडे उतरतो, तेव्हा तिथे पिनांपेक्षा ओले रुमाल आणि पाण्याचा तांब्या अधिक महत्त्वाचा. अक्षतांचा तांदूळ डोळ्यात जाणे तर सर्वांच्याच लग्नात होते. डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याची धार सोडावी. होमापाशी हाताला भाजले तर टूथपेस्ट, हळद किंवा तूप काही न लावता भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, आणि त्याआधी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. बॅगेतले मलम लावायचे असेल तर ते त्यानंतर.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पॉवर बँक ५००० एमएएचची आहे. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत होणारी घट धरली तर तिच्यातून एक आधुनिक फोन पूर्णपणे एकदाही भरत नाही, तेव्हा घरातली मोठी बँक न्यावी आणि ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. झटपट चिकटणारा गोंद चपलेसाठी ठीक आहे, पण तो सुती कापडावर सांडला तर रासायनिक क्रियेने इतका तापतो की कातडी भाजू शकते. यादीपत्रकावर तसा इशारा नाही. कात्री बोथट. केसांचे काटे, यू पिना आणि जाळी भरपूर आणि चांगल्या प्रतीच्या. गजरे टिकवण्याचे सगळे श्रेय त्यांना. टिकल्यांचा गोंद घामाने सुटला, पण तसा तो कोणत्याही टिकलीचा सुटतो. ओले कुंकू जवळ ठेवावे.

विक्रीपश्चात सेवेबद्दल दुकानाला चांगले गुण द्यावे लागतील. कात्री बदलून मिळाली, तीही वाद न घालता. न वापरलेली पॉवर बँक परत घेऊन तिच्याऐवजी मोठ्या पिना, दोरे आणि हूक देण्याची तयारी दुकानदाराने दाखवली, मणी ओवण्याची युक्ती त्याने आपल्या वहीत लिहून घेतली आणि औषधांचा विषय निघताच तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. किमतीचा हिशेब मी मांडून पाहिला. आतल्या वस्तू सुट्या घेतल्या तर साधारण हजार-अकराशे रुपये होतात. म्हणजे साडेसातशे ते साडेआठशे रुपये बॅगेचे आणि दुसऱ्याच्या श्रमाचे आहेत. घरात लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाजारात फिरायला मोकळे माणूस नसेल तर हा भाव मला गैर वाटत नाही. असे माणूस असेल तर रिकामी बॅग मागावी. दुकानदार ती सहाशे रुपयांना वेगळी देतो, फक्त पाटीवर तसे लिहिलेले नाही.

बॅग कुणाच्या हाती द्यायची हे ती विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. करवलीला देऊ नये, कारण ती प्रत्येक छायाचित्रात असते. वधूच्या आईला तर मुळीच देऊ नये. आमच्याकडे धाकट्या मामीने ती सांभाळली, जिला त्या दिवशी कोणताही मान घ्यायचा नव्हता आणि जिला नकार देता येत होता. दुपारी एक पाहुणे फोनच्या चार्जरसाठी बॅगच घेऊन चालले होते, तेव्हा “अण्णा, बॅग इथनं हलणार नाही, फोन इथं आणा,” असे तिने ठणकावून सांगितले आणि त्यानंतर कुणी तो प्रयत्न केला नाही. यादीपत्रकावर बॅग सांभाळणाऱ्याचे नाव आणि मोबाईल क्रमांक लिहायला एक रिकामी ओळ आहे, ही दुकानाची छोटी पण उत्तम कल्पना म्हणावी लागेल.

शेवटी एका कागदाबद्दल, जो कोणत्याच तयार बॅगेत दिसत नाही. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या अधिनियमाखाली होते. लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत विवाहाचे ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, निबंधकाकडे द्यायचे असते आणि त्यासाठी तीन साक्षीदार लागतात. अर्जावर विवाह लावणाऱ्या पुरोहितांची माहिती आणि सही हवी असते. उन्हाळ्यातल्या दाट तिथीला गुरुजींचा पुढचा मुहूर्त बार्शीला नाही तर अक्कलकोटला ठरलेला असतो, आणि एकदा ते निघून गेले की सहीसाठी पुढचे काही आठवडे फोन करावे लागतात. नोंदणीचा कोरा नमुना आदल्या दिवशीच आणून, वधूवरांची नावे भरून, बॅगेच्या मागच्या कप्प्यात पत्रिकेसह ठेवावा आणि दक्षिणेचे पाकीट हाती देतानाच गुरुजींची सही घ्यावी. तिन्ही साक्षीदार कोण हेही तेव्हाच ठरवून घ्यावे, आणि ते शक्यतो सोलापुरातच राहणारे निवडावेत, कारण त्यांना निबंधकासमोर स्वतः हजर राहावे लागते.